मुकी मोटार

पुंजारामच्या गिरणीत जुन्या डिझेल इंजिनाच्या जागी विजेची मोटार आली, त्या दिवशी फोडलेला नारळ नासका निघाला. तिथेच थांबायला हवं होतं. पण शेजारच्या वाडीत आसारामने विजेची गिरणी टाकली होती. दुष्काळाने दळणं निम्म्यावर आली होती, आणि उरलेली निम्मी तिकडे जातील या धास्तीने पुंजारामला घास गोड लागत नव्हता.

कर्जतहून आलेला वायरमन राधाकृष्ण म्हणाला, "मोटार इंजिनापरीस जोरात फिरती. गिरणीला मोठी पुली लागंल."

पुली आणली, तर तिला जुना पट्टा पुरेना. नवा पट्टा चढवला, तर झिजलेल्या दगडांतून पीठ करपून पडू लागलं. मग दगडही बदलले.

"दर खेपंला नवंच," पुंजाराम कुरकुरला. "आता जुनं काय ऱ्हायलं?"

"तुमी," राधाकृष्ण म्हणाला.

इंजिन भंगारात गेलं. मोटार सुरू झाली आणि गिरणीत दळणाचा एकही डबा येईना. पुंजाराम दारात बसून रस्ता बघायचा. सगळं बदलून बसल्यावर माणूस दुसरं करणार तरी काय?

तिसऱ्या दिवशी बायका आल्या, पण डोक्यावर पदर ओढून थेट त्याच्या घरात शिरल्या. छबूबाईने त्याच्या बायकोच्या, लंकाबाईच्या, गळ्यात पडून गळा काढला.

"लई सोसलं गं म्हातारीनं."

तेवढ्यात पुंजारामची म्हातारी आई, कडूबाई, खोकत आतून बाहेर आली. "कोन गेलं गं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तीही रडायला बसली.

छबूबाईचा गळा एकदम थांबला. "इंजिनाची पुकपुक आयकू यीना," ती चाचरत म्हणाली. "घरात मौत झाल्याबिगर तुमची गिरनी कवा बंद असती?"

आजवर सारं गाव त्या पुकपुकीवर दळण काढायचं. मोटारीचा आवाज ओट्याखाली उतरत नव्हता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बायकांनी पिठलं-भाकरी आणली होती. असलं अन्न परत न्यायचं नसतं, त्यामुळे सगळे मुकाट्याने जेवायला बसले. भाकरी मऊसूत होती.

"पीठ कुठं दळलं?" पुंजारामने विचारलं.

छबूबाईने मान खाली घातली. "आसारामकडं. तुमची बंद हुती न्हवं. समदं गाव तिकडंच गेल्तं."

पुंजारामने हातातला घास ताटात ठेवला. कडूबाईने मात्र बोळक्या तोंडात आपला घास सावकाश घोळवला.

"आपल्यापरीस बारीक दळतो," ती म्हणाली, आणि आणखी चतकोर मागून घेतली.