गुणवंतरावांचं शीड आणि धानाचं पाणी

रविवारी होडीत बसायला कमलाबाई एकदाच्या तयार झाल्या, तेव्हा गुणवंतरावांना आभाळ ठेंगणं झालं. माजरीच्या खाणीतून निवृत्त होऊन सिंदेवाहीकडच्या आपल्या गावी येताना त्यांनी शिडाची एक जुनी होडी आणली होती, चाकांच्या ट्रेलरसकट. सगळं गाव तिच्यात बसून झालं होतं. बायको मात्र पाण्याला भिऊन काठावरूनच हात जोडायची.

शनिवारी संध्याकाळी भाचा कुलदीपच्या ट्रॅक्टरने ट्रेलर घाटाच्या उतारावरून तलावात उतरवला आणि होडी तरंगली. कमलाबाईंना पायरीवरून थेट आत पाऊल टाकता यावं म्हणून गुणवंतरावांनी ती काठच्या आंब्याला आखूड दोराने करकचून बांधली. जेवताना कमलाबाई पाण्याबद्दल काहीतरी बोलल्या. गुणवंतराव "हो हो" म्हणाले आणि त्यांनी वरण वाढून घेतलं.

सकाळी बघतात तर तलाव घाट सोडून पार खाली गेलेला आणि होडी बूड चिखलात, नाक आंब्याला, अशी लटकलेली.

"पानी कोनं नेलं रे?"

"मामीनं," कुलदीप म्हणाला. "पानी वापर संस्थेची अध्यक्ष मामीच तं हाये. राती धानासाठी तलावाचं गेट उघडलं."

गुणवंतराव धापा टाकत पाटाच्या गेटपाशी कमलाबाईंकडे पोचले. "कमला, दुपारपावतो गेट बंद कर."

"काऊन?"

"तुले होडीत बसवाचं हाये."

"लोकायचा धान वाळून राह्यला, अन् मी होडीत बसू? राती सांगतलं तं हो हो करून राह्यले होते तुमी."

आता पाणी आणखी पळायच्या आत होडी काढणं भाग होतं. दोर कापताच ती घसरत पाण्यात गेली. तिला उचलायला कुलदीपने ट्रेलर मागे घेतला, तर घाट संपला आणि चाकं चिखलात रुतली. गावकऱ्यांनी ढकलून होडी ट्रेलरवर बरोब्बर बसवली, टाळ्याही वाजवल्या. तोवर खालचं पाणी निघून गेलं. ट्रॅक्टरने ओढलं, तर साखळीच तुटली.

"मामाजी, आता चिखल वाळल्यावर," कुलदीप म्हणाला.

गुणवंतराव पायरीवर मटकन बसले. होडी आज ना उद्या निघाली असती, पण बायकोचा होकार तोवर टिकणार नव्हता. त्यांना रडूच येणार होतं, इतक्यात नवं लुगडं नेसून कमलाबाई आल्या. त्यांनी होडी नीट न्याहाळली, लुगडं वर खोचलं, चिखल तुडवत गेल्या आणि सरळ चढून बसल्या.

"या ना जी. का मी एकलीच जाऊ?"

गुणवंतराव धावतच चढले आणि आनंदाच्या भरात त्यांनी शीड उभारलं. वारा आला, शीड टम्म फुगलं, ट्रेलर करकरला. होडी तसूभर हलली नाही. कमलाबाईंनी मात्र डोळे घट्ट मिटून डोलकाठीला मिठी मारली.

"थोडं हळू चालवा जी," त्या म्हणाल्या.

"बरं," म्हणत गुणवंतरावांनी शीड अर्धं खाली घेतलं.