मैनाबाईंच्या घोड्यास मोड आणविले ते वर्तमान

॥ श्री ॥ ज्या मातीत आम्ही पहिले बोट खुपसले तीस वंदन करून लिहितो ऐसे जे, शके अठराशे त्र्याण्णव, विरोधकृत नाम संवत्सरी, ज्येष्ठमासी कोकणप्रांती एक लहानसे राज्य होते. राज्य म्हणजे बालवाडीची एक खोली, पुढे अंगण आणि भोवती पांगाऱ्याचे कुंपण. गादीवर शालनताई विराजमान होत्या आणि पदरी आम्ही चार-पाच वर्षांचे सरदार, निम्म्यांची नाके वाहती. इतर राज्यांत पाठांतराची सक्ती, येथे कारभार उलटा. ताई सांगत काहीच नसत, विचारीत मात्र फार. मग पाण्याच्या घंगाळावर मोहीम निघे आणि करवंटी तरली, खडा बुडाला म्हणजे जयघोष होई, आणि दुपारी आपली सावली पायांखाली कोठे दडते याचा शोध करिता सर्व फौज घामाघूम होई. ऐसे सुख मागाहून आम्हांस कोठे मिळाले नाही.

त्या समयी ताईंनी मटकी भिजवून ओल्या फडक्यात बांधिली आणि खुंटीस टांगिली, आणि दुसरे दिवशी दरबारात पुरचुंडी सोडिली तो पांढरे मोड बाहेर आलेले. सरदार थक्क जाहले. परंतु मैनाबाई, वय वर्षे चार, यांचे मनी भलतीच मसलत शिजली. त्यांजपाशी आजोबांनी कोरलेला पांगारी लाकडाचा घोडा होता. आजोबा त्याच चैत्रात निवर्तले आणि मागाहून खेळाच्या झटापटीत घोड्याचा पाय मोडला. दुसरा करून देणारे कोणी उरले नव्हते. मग बाईंनी डोळे पुसले, घोडा ओल्या फडक्यात गुंडाळिला आणि ताईंपुढे नेऊन अर्ज केला, "घोडो मोडलो. मगे आता तेका मोड येतले ना?" शब्द एकच, मग फळ वेगळे का, हा त्यांचा न्याय.

दरबारी हशा पिकला, पण ताई हसल्या नाहीत. "बघूया तर," म्हणाल्या आणि घोडा मटकीशेजारी टांगिला आणि फडके भिजविण्याची कामगिरी खासा मैनाबाईंकडे दिली. घोड्यास बुरशी आली, मोड काही येईनात. मग बाईंनी ऐसा आकांत मांडिला की स्वयंपाकीण गंगूमावशी कळवळून बोलल्या, "ताईनू, बाजारातसून एक नवो हाडा आणि मोड इले म्हणान सांगा." हाडा म्हणजे आणा. ताईंनी नकारार्थी मान हलविली. खोटे सांगणे त्या राज्यात नव्हतेच. मैनाबाईंस मांडीवर घेऊन पुसिले, "मटकेक इले, घोड्याक नाय. कशाक गो?"

बाई हुंदके देता देता थांबल्या. "मटकी जित्ती आसा."

"आणि घोडो? तो कधी जित्तो होतो?"

बाईंनी फार विचार केला. घोड्यास हुंगिले, मग कुंपणाकडे पाहिले. "पांगारो होतो तेव्हा?"

"होय तर. पांगारो म्हणजे तेची आवस." आवस म्हणजे आई.

मग ताईंनी कुंपणाची एक हिरवी फांदी तोडिली आणि मैनाबाईंनी ती स्वहस्ते अंगणात रोविली आणि लंगडा घोडा तिच्या बुडाशी टेकून ठेविला. आम्ही सर्वांनी पाळीपाळीने पाणी घातले. पुढे एके सकाळी बाई अंगणातून ओरडत आल्या, "ताई, घोड्याक नाय, घोड्याच्या आवशीक मोड इले!" त्या दिवशी ताईंचे डोळे भरले ते आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

सारांश, ते राज्य बुडाले, ताई गेल्या, घोडा मातीस मिळाला आणि खोलीच्या जागी दुमजली शाळा झाली, जिचे भिंतीवर काय तरते आणि काय बुडते याची चित्रे रंगविली आहेत आणि घंगाळ कोठेच नाही. पांगारा मात्र उभा आहे. शिमग्याचे सुमारास तांबडा फुलतो आणि आमचा जीव तुटतो. मैनाबाई आता आजी जाहल्या. नातवास त्या झाडाखाली घेऊन येतात, सांगत काहीच नाहीत, विचारितात मात्र फार.