विमान माहेरी उतरलं

फवारणीच्या विमानाला दिवस गेले होते आणि ते कोणाच्या लक्षातच आलं नाही, म्हणून सगळं खापर वैमानिक दत्ताजी खराड्यांवर फुटलं.

महिन्याभरात तिसऱ्यांदा विमान उतरताना धावपट्टी सोडून यमुनाबाई मिसाळांच्या हळदीत घुसलं होतं. एकदा चाक मोडलं, एकदा पंखा वाकला, आणि या खेपेला शेपटी बांधावर अडकली. चौकशी अधिकारी पेंडसे विमान भंगारात काढायचा हुकूम टाइप करूनच आले होते. फक्त सही राहिली होती.

खराडे अकरा वर्षं हेच विमान उडवत होते. त्यांना रडू आवरेना. "साहेब, मी डावीकडे वळवतो, तरी हे उजवीकडंच जातंय. माझं जन्मात कधी असं झालं न्हाई!"

यमुनाबाई पदराला हात पुसत आल्या. विमानाच्या पोटावरून त्यांनी हात फिरवला आणि कपाळाला लावला.

"नववा लागलाय की पोरीला! आन् तुम्ही अजून फवारणीला जुंपताय व्हय?"

"पण तुमच्याच शेतात का?" पेंडशांनी विचारलं.

"खोकी फोडून हिची जोडणी माझ्याच गोठ्यात झाली, साहेब. पहिलं बाळंतपण कुठं करत्यात?"

"माहेरी," पेंडसे म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मग त्यांनी नियमावली चाळली. नवव्या महिन्यात माहेरी उतरणं अपघातात धरत नसत, पण पुरावा लागे. पेंडशांनी विमानाला कान लावला. आत दोन इंजिनं चालू होती, त्यातलं एक जरा घाईत. तरीही नियम तो नियम. पुरावा हजर होईपर्यंत हुकूम हातात धरून ते गोठ्यातच मुक्कामाला राहिले. खराड्यांचा जीव टांगणीला लागला. यमुनाबाई मात्र टाकीत पेट्रोलबरोबर चमचाभर तूप सोडत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी सुटका झाली. बाळ हातभर लांब, पिवळं, पंख अंगाला चिकटलेले. खराड्यांनी त्याला उराशी धरलं आणि ते सगळ्यांदेखत हसत-रडत नाचले.

एवढ्यात बाळाचा पंखा पहिल्यांदा फिरला. त्या वाऱ्यानं पेंडशांच्या हातातला हुकूम उडाला आणि हळदीवरून दूर निघून गेला. त्यामागं कोणीच धावलं नाही. पेंडशांनी टोपण काढलं आणि यमुनाबाईंना विचारलं,

"बारशाला किती वाजता येऊ?"