गोठा स्पर्धेचा निकाल

एका जंगलात एक चर्च होतं, मुलांनो, आणि त्या चर्चमध्ये फादर धनेश नावाचे धर्मगुरू होते. धनेश पक्ष्याची चोच केवढी असते ते तुम्ही चित्रात पाहिलंच असेल. एवढी मोठी चोच दिल्यावर देवाने तिच्याकडून काम करून घ्यायला नको का? म्हणून फादर प्रवचन करत. लांबलचक करत, पण मनापासून करत.

नाताळच्या आधी आगमनकाळ असतो. दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची, बायबलमधलं ठरलेलं वाचन ऐकायचं आणि मग त्यावर फादर बोलायचे. पहिल्या रविवारी वाचन होतं, 'जागे राहा'. त्यावर फादर इतका वेळ बोलले की निम्मं जंगल पेंगलं. पास्कू गाढव तर पहिल्या वाक्यालाच झोपला. तो शेवटच्या बाकावर बसून दर रविवारी झोपायचा. आठवडाभर ओझी वाहून बिचारा दमलेला असायचा, आणि चर्चमध्ये छान गारवा असे.

फादरना याचं फार वाईट वाटायचं. इनास ससा मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर दारात उभा राहून "आजचं प्रवचन सुंदर झालं, फादर," असं न चुकता म्हणायचा. कशावर होतं, असं विचारलं की तो थंडीबद्दल बोलायला लागायचा.

म्हणून यंदा दुसऱ्या रविवारी फादरनी नाताळच्या गोष्टीतलं एकच वाक्य धरलं. मरिया आणि योसेफ बेथलेहेमला आले, तेव्हा उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, त्यांना जागा नव्हती.

"जागा करा," फादर म्हणाले. "बाळ येशू दाराशी आलाय. तुमच्या घरात त्याच्यासाठी जागा करा."

अस्वलीण मर्सेलीनबाईंनी डोळे पुसले. इनासचे लांब कान खाली पडले. आणि मुलांनो, या वेळी प्रवचनाचा खरोखर परिणाम झाला. सगळ्यांनी घरी जाऊन लगेच जागा केली.

म्हणजे काय केलं? गोठा बांधायला घेतला. नाताळला घरात बेथलेहेमचा गोठा करतात, तुम्हाला ठाऊक आहे. मातीचा डोंगर, वर चांदणी, खाली गवत, आणि गव्हाणीत बाळ. त्या जंगलात तर दर वर्षी गोठ्यांची स्पर्धा असे आणि परीक्षक स्वतः फादर असत.

इनासने आपली पोरं स्वयंपाकघरात झोपवली आणि आतलं सगळं बीळ बेथलेहेमला दिलं. मर्सेलीनबाईंनी सासूची खाट अंगणात काढली आणि तिच्या जागी धबधबा केला. बेथलेहेमला धबधबा होता का, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. मागच्या वर्षी पहिलं बक्षीस धबधब्यालाच गेलं होतं.

डोंगरासाठी लाल माती लागते. ती टेकडीच्या उतारावर छान मिळते. जो तो टोपली घेऊन तिथूनच माती आणू लागला.

त्याच उतारात रेमेत नावाच्या साळूचं, म्हणजे साळिंदराचं, बीळ होतं. तिचा नवरा पावसाळ्यात वारला होता आणि तिचे दिवस भरत आले होते. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बिळाचं छत खाली बसलं. रेमेत कशीबशी बाहेर आली. पोटात कळा येत होत्या आणि हवेत गारठा वाढत होता.

ती आधी इनासकडे गेली. इनासला खरंच वाईट वाटलं.

"रेमेतबाय, तुला नाही म्हणताना जीव तुटतो गं," तो म्हणाला. "पण असली नसली सगळी जागा बाळाला दिली."

मर्सेलीनबाईंनी सांगितलं की सकाळी फादर गोठा बघायला येतील, आणि तुझे काटे लागून कागदाचं आभाळ फाटलं तर काय करायचं. पण बाई मनाने चांगली. तिने दारातूनच रेमेतला दोन करंज्या दिल्या.

मग रेमेतने फादरचं दार वाजवलं. आत फादर नाताळच्या प्रवचनाची तयारी करत होते. 'जागा नव्हती' या शब्दांवर आवाज कुठे हळू करायचा, ते त्यांना जमत नव्हतं. जो कोणी असेल त्याने उद्या यावं, असं त्यांनी आतूनच सांगितलं.

शेवटी ती पास्कूच्या खोपटाशी आली. पास्कूने गोठा केलाच नव्हता. जागा करायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा तो घोरत होता.

"जागा आहे का रे, पास्कूदादा?"

"आहे की," पास्कू म्हणाला. "गवत कोरडं आहे. काटे तेवढे भिंतीकडे कर."

आणि तो सरकला. त्या रात्री मात्र पास्कू झोपला नाही. दाराच्या फटीतून वारा येत होता, तिथे तो सकाळपर्यंत पाठ लावून उभा राहिला.

सकाळी फादर निकाल ठरवायला निघाले. सोबत इनास होता. घरं बघत बघत दोघे खोपटाशी आले. आत गवत होतं, गाढव होतं, थकलेली आई होती आणि तिच्या कुशीत दोन पिल्लं होती.

"लायटिंग नाही," इनास फादरच्या कानात म्हणाला. "चांदणी नाही. मेंढपाळ तर एकही नाही."

फादरची एवढी मोठी चोच पहिल्यांदाच मिटलेली दिसली.

"काल दार वाजवलं, ते तू होतीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कामात होता, फादर," रेमेत म्हणाली.

पहिलं बक्षीस फादरनी त्या खोपटाला दिलं. पुढच्या रविवारी त्यांनी त्यावरच प्रवचन केलं, आणि आपण दार उघडलं नाही हेही सांगून टाकलं. सगळं जंगल हमसून हमसून रडलं. पास्कू शेवटच्या बाकावर झोपला होता.

पुढच्या नाताळला जंगलातल्या प्रत्येक गोठ्यात एक साळू होती. मातीची, खराट्याच्या काड्यांचे काटे लावलेली, शेजारी दोन पिल्लं. इनासची साळू तर मानही हलवायची. साळूला लाल माती लागते, ती सगळ्यांनी टेकडीच्या उतारावरून आणली. रेमेतने तिथे नुकतंच नवं बीळ खणलं होतं.

ती पिल्लांना घेऊन पुन्हा पास्कूकडे गेली. तो सरकला.

तात्पर्य: प्रवचनात शेजारचा घोरत असेल, तर त्याला कोपराने ढोसू नये. सगळ्यांनीच मन लावून ऐकलं, तर दार वाजल्यावर उघडायला कोण उरणार?