भुलेश्वरच्या डोंगरावर पहिला कोण आला

कारेगावच्या इम्तियाजनं आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं, की कंपनीच्या डोंगर-शर्यतीत पहिला नंबर त्याचाच. साल दोन हजार दोन, दसरा दोन दिवसांवर. कंपनीनं कामगारांसाठी यवतजवळच्या भुलेश्वरवर शर्यत ठेवली होती. पायथ्यापासून निघायचं, दगडधोंड्यांतून खिंड गाठायची आणि तिथून कातळ चढून वर देवळापाशी फीत तोडायची.

"डोंगर बघितलास का कवा?" त्याच्या आईनं, लालबीनं विचारलं.

"दगड न् दगड ठाऊक हाय, अम्मा."

बघितला होता हे खरं. सोलापूरकडं जाताना, एसटीच्या खिडकीतून, अर्धवट झोपेत. त्याची बायको फरहत तेव्हा शेजारच्याच सीटवर होती. पण आत्ता तिनं फक्त तव्यावरची पोळी उलटली.

पळायला मात्र गडी खरंच चांगला. कंपनीची बस त्याची रोज चुकायची, त्यामुळं सरावाला खंड नव्हता. रविवारी सकाळी शिट्टी वाजली तसा तो जो सुटला, तो खिंडीत सगळ्यांच्या आधी पोचला. मुरमावरून पाय घसरत होते, बाभळीनं बाही फाडली होती, पण मागं वळून पाहावं तर जवळपास कोणी नाही. छाती फुगली.

वाट दाखवायला दगडांवर पांढरी फक्की मारली होती. खिंडीत मात्र फक्कीच्या दोन रेघा निघाल्या. एक वर कातळाकडं, पुसट. दुसरी पलीकडच्या उतारावर, चांगली ठळक आणि सरळ. ठळक असेल तीच खरी, असं त्यानं ठरवलं. त्यात ती उताराचीही होती.

"इम्तियाज, वर जायचं न्हाई का?" मागून संपत ओरडला. संपत त्याच्याच मशीनवर काम करायचा.

"माझ्या मागं ये. रस्ता बघितलेला हाय."

संपत मागं आला. संपतला बघून बाकीचे आले. अर्ध्या उतारावर इम्तियाजच्या लक्षात आलं, की देऊळ पाठीमागं राहिलंय आणि उंच उंच चाललंय. पण एवढी माणसं मागं असताना थांबायचं कसं? थांबला तर चुकलो म्हणावं लागणार. म्हणून तो आणखी जोरात पळाला. शेवटी उतार असा तीव्र झाला, की थांबायचं म्हटलं तरी पाय ऐकेनात. तो थेट झेंडूच्या शेतात घुसला आणि पालथा पडला. त्याच्या मागोमाग सगळी शर्यत शेतात आली.

पाटी घेतलेली एक म्हातारी बाई सरीत उभी होती. ती शेताची मालकीण, भागुबाई.

"दसरा परवा हाय," ती म्हणाली. "आन् तुम्ही आजच सोनं लुटाया आलाव व्हय?"

"मावशी, फक्की बघून आलो," इम्तियाज उठत म्हणाला.

"ती आमच्या पाइपलाइनच्या चराची हाय, बाबा."

संपतनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "बाई एकटी हाय. चल, पळू."

काहीजण निघालेही होते. इम्तियाजनं मागं पाहिलं. दोन सऱ्या पार झोपल्या होत्या. बांधापलीकडं टेम्पो उभा होता, त्यात रिकामे क्रेट. फुलं तोडायला दुसरं कोणीच दिसत नव्हतं.

"मावशी, ह्या सगळ्यांना मी आणलं," तो म्हणाला. "मला रस्ता ठाऊक नव्हता. काय करू सांगा."

भागुबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाया आल्या न्हाईत आज. माल सांजच्याला मार्केटला जायाचाय. तोडा फुलं."

तो वाकला. संपत थोडा वेळ बांधावर घुटमळला, मग तोही वाकला. निघालेले एकेक करून परत आले. छातीवर नंबर लावलेली सगळी फौज झेंडू तोडायला लागली.

वर देवळापाशी कंपनीचे साहेब फीत धरून उभे होते. कोणीच येईना, म्हणून शोधत शोधत ते गळ्यात शिट्टी घेऊन खाली उतरले.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही ह्यांच्यातलंच का?" भागुबाईनं विचारलं. "मग त्या टोकाची सरी धरा."

साहेबांनी ती सरी धरली.

टेम्पो भरून गेला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कमरेवर हात ठेवून साहेब म्हणाले, "शर्यत पुरी झालीच पाहिजे. इथून देवळापर्यंत जो पहिला पोचेल तो पहिला."

सगळ्यांनी डोंगराकडं पाहिलं आणि बांधावर बसकण मारली. इम्तियाजही बसला.

"मला तर जायाचंच हाय," भागुबाई म्हणाली. "देवाला फुलं वाहायचीत." तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. इम्तियाज कण्हत उठेपर्यंत ती खिंडीच्या तोंडाशी होती. कातळावर त्याला तिच्या पाटीतली एकेक पाकळी सांडलेली दिसत गेली. बाई मात्र दिसली नाही. ती थेट देवळाच्या पायरीवर बसलेली भेटली.

संध्याकाळी घरी पोचल्यावर तो दारातच खाली बसला.

"कितवे आलात?" फरहतनं विचारलं.

"दुसरा."

"दुसरा म्हंजी वाईट न्हाई," लालबी म्हणाली. "पहिला कोण आला?"

इम्तियाजनं बुटाची नाडी सोडवली.

"भागुबाई म्हणून एक मावशी हायेत," तो म्हणाला. "डोक्यावर पाटी हुती त्यांच्या. न्हाईतर अजून लवकर पोचल्या असत्या."