ओटी आणि एक मिनिट चाळीस सेकंद

सासूबाईंना फोन करायचा नाही, असं अनिताने मला तीन वेळा बजावलं होतं. तरी मी केला. शनिवारची दुपार होती, शाळेच्या ऑफिसात हजेरीपट लिहून झाले होते, आणि मला उगाचच वाटलं की बायकोसाठी आपण काहीतरी करावं. (हा झटका मला वर्षातून एकदा येतो. त्यानंतर पाच-सहा महिने घरात फारसं कोणी बोलत नाही.)

"उद्या सकाळी साडेसातच्या सुमाराला अनिता तुमच्या दारावरून पळत जाणार आहे," मी सांगितलं.

"पळत?" धोंडुबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घाबरल्या. "कोन लागलाय तिच्या मागं?"

मग मी सगळं समजावून सांगितलं. मॅरेथॉन आहे. पूर्ण सुटते रोह्यातून, अर्धी म्हणजे एकवीस किलोमीटरची नागोठण्यातून, आणि दोन्ही संपतात आमच्या पेणला, रामवाडीच्या मैदानात. मधे हायवे टाळायचा म्हणून कासूजवळ रस्ता खाडीच्या अंगाला वळवलाय, तो नेमका तुमच्या गावातून जातो. अनिता अर्धी पळणार. तुमच्या मारुतीच्या देवळासमोर पाण्याचं टेबल असेल, तिथे स्वयंसेवक म्हणून मी असेन. तुम्ही फक्त यायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

"लेक माहेरी येते नि आम्ही टाळ्या वाजवायच्या?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्या आवाजात मला आनंद ऐकू आला. माणसाला हवं तेच ऐकू येतं.

आता हे पळण्याचं खूळ खरं तर माझं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मी बूट आणले, मोबाइलवर अॅप घेतलं आणि रामवाडीतून हायवेच्या पुलापर्यंत पळायला लागलो. अनिता पाण्याची बाटली घेऊन मागे यायची. मी कुठे पडलो तर उचलायला कोणीतरी हवं, एवढाच तिचा हेतू. तिसऱ्या आठवड्यात ती कंटाळून पुढे निघून गेली. पुलाला हात लावून परत आली, मला ओलांडून रामवाडीला गेली, पुन्हा पुलाकडे वळली. त्या सकाळी ती मला चार वेळा भेटली. पाचव्यांदा भेटली तेव्हा मी कठड्यावर बसून टाच चोळत होतो. ती टाच अजून दुखते आहे.

त्यानंतर पळायचं तिने आणि बघायचं मी, अशी वाटणी झाली. ती डोलवीला एका ठेकेदाराच्या कँटीनमध्ये कामाला आहे, पहिली शिफ्ट सातची. म्हणून ती साडेचारला उठून पळायची. पावसाळ्यात पळाली, सर्दीत पळाली, माझा भाऊ मुलाबाळांसह आठवडाभर राहायला आला तेव्हाही पळाली. अर्ध्या मॅरेथॉनला तीन तासांची मुदत असते. तीन तासांत पोचलं तर पदक, नाहीतर फक्त केळं आणि बिस्किटाचा पुडा. अनिताला ते पदक हवं होतं. तिने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, पण हे हवंय असं ती स्पष्ट म्हणाली होती. "पदक घ्यायचंय मला," ती म्हणाली होती, "एकदा तरी."

रविवारी सहाला स्पर्धा सुटली. मी साडेपाचपासूनच टेबलावर पेले मांडत होतो. मला नारिंगी टी-शर्ट मिळाला होता, त्यावर मागे 'स्वयंसेवक' असं लिहिलेलं होतं. (पुढून तो पोटावर ताणला गेला होता, त्यामुळे मी बहुतेकांना पाठच दाखवत होतो.) सात वाजता सासूबाई आल्या. एकट्या नव्हत्या. मागे तीन बायका, एकीच्या डोक्यावर पाट, एकीकडे ताट. ताटात हळद, कुंकू, तांदूळ, नारळ आणि हिरवा खण.

मी टेबलामागून पुढे आलो.

"सासूबाई, ती थांबणार नाही हो. तिला वेळेत पोचायचंय."

"जावयबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "दिवाळीला आली, शिफ्ट हाय म्हनून उभ्याउभ्या गेली. ओटी भरायची राहिली. तवापासून माझ्या जिवाला चैन नाय. माहेराची वेस लेकीनं रिकाम्या ओटीनं ओलांडायची नसते. आज देवानं तिला परत आनली."

देवाने नव्हे, मी आणली, हे मी बोललो नाही. मी माझा मेहुणा सखा याच्याकडे पाहिलं. तो टेबलाला टेकून पेरूला मीठ लावून खात होता. त्याने मान हलवली, म्हणजे आता ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत.

सात छत्तीसला अनिता वळणावर दिसली. बारा किलोमीटर झाले होते आणि ती मजेत पळत होती. तिला बघून मला खरंच अभिमान वाटला. तो साधारण दहा सेकंद टिकला. मग तिला पाट दिसला, पाटामागे आई दिसली आणि मग मी दिसलो. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"आई, परत येताना भरू," ती पळता पळता म्हणाली.

"परत कुठं येतेस गो तू?" सासूबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बस गो बाय. दोन मिन्टं."

अनिता बसली. दुसरी कुठली बाई बसली नसती, असं मला म्हणता येत नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आहे म्हटल्यावर मीही बसलो असतो.

दोन मिनिटांचं काम होतं हे खरं. पण तोंड पूर्वेला हवं, आणि पाट मांडला होता खाडीकडे तोंड करून. मग पाट फिरवला. मग लक्षात आलं की अनिता टी-शर्टमध्ये आहे आणि ओटी पदरात घ्यायची असते. एकीने आपली ओढणी काढून दिली. मग सवाष्णी मोजल्या तर त्या चारच. पाच हव्यात. पाचवी म्हणजे शेजारची पुतळी.

"पुतळी कुठाय?"

"मिठागरात गेली."

"हाक मारा तिला."

सखा बांधावर जाऊन हाका मारू लागला. लांब, मिठाच्या ढिगांपाशी, पुतळीने मान वर केली आणि हात हलवला. तिला वाटलं सखा सहज विचारपूस करतोय. शेवटी तो चिखलातून पळत गेला. (आमच्या घराण्यात त्या दिवशी सगळ्यांत वेगात पळालेला माणूस तोच.) पुतळी आली, हातपाय धुतले, आणि मग मला पाहून डोक्यावरचा पदर नीट केला, त्यातही अर्धं मिनिट गेलं.

दरम्यान पनवेलच्या दोन बायका पळत आल्या. त्यांना हे सगळं फार आवडलं. "आमची पण भरा ना," म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांना कुंकू लावलं, तांदूळ घातले. त्या हसत हसत पुढे पळाल्या. त्यांना मुदतीची काळजी नव्हती, त्यांच्याकडे अशी बरीच पदकं असावीत.

अनिता पाटावर बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. पाचही जणींच्या ओंजळी झाल्या, तेव्हा ती आईच्या पाया पडली आणि उठली. अकरा मिनिटं आणि वर काही सेकंद गेले होते.

"तो नारळ दे माझ्याकडे," मी हात पुढे केला. "मी स्कूटरवरून आणतो."

"ओटी नवऱ्याच्या हातात देतात व्हय?" पुतळी म्हणाली, आणि सगळ्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला.

त्यामुळे अनिता उरलेले नऊ किलोमीटर एका हातात नारळ आणि कमरेला तांदळाची ओढणी बांधून पळाली. टेबल सखाच्या हवाली करून मी स्कूटरवरून मागून निघालो तेव्हा रस्त्याने मैलभर तांदूळ सांडलेले होते आणि चिमण्या ते टिपत होत्या. तिच्या शेजारून जाताना मी हॉर्न वाजवला. तिने बघितलं नाही.

रामवाडीच्या मैदानात कमानीखाली आयझॅक सर घड्याळ घेऊन उभे होते. आयझॅक सर अनिताच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांची भावंडं, मुलगी, सगळी इस्रायलला गेली, ते मात्र पेणमध्येच राहिले आणि तालुक्यातल्या प्रत्येक स्पर्धेची वेळ अजून तेच लावतात. त्यांच्या शेजारी किमया नावाची कॉलेजातली मुलगी पदकांचा खोका घेऊन उभी होती. नऊ वाजले. सरांनी मान हलवली आणि किमयाने खोका बंद केला. नेमकी तेव्हा अनिता मैदानाच्या फाटकातून आत येत होती.

"तीन तास, एक मिनिट, चाळीस सेकंद," सर म्हणाले.

"सर, देऊ या ना," किमया म्हणाली. "एवढंसंच तर आहे."

सरांनी अनिताकडे पाहिलं. अनिताने मान हलवून नको म्हटलं, केळं घेतलं आणि सावलीत जाऊन नारळ मांडीवर घेऊन बसली.

मी सरांना टेबल आवरू लागलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मनाला लावून घेतलंय तिने."

"घेणारच," सर म्हणाले. "बारावीत होती तेव्हा जिल्ह्याच्या शर्यतीला निवडली होती मी तिला. अलिबागला. पहिली आली असती, हे मी आजही लिहून देतो. सकाळी बस सुटली, ही आलीच नाही. नंतर कळलं की तिला बघायला लोक येणार होते, म्हणून बापाने घरी ठेवली."

"कधीची गोष्ट?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"फेब्रुवारी. दोन हजार दोन."

ते लोक आम्ही होतो. मी, माझे काका आणि आत्या. मला तो दिवस नीट आठवतो, कारण पोहे उत्तम झाले होते आणि मी दोनदा मागून घेतले होते. समोर बसलेली मुलगी सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. लाजरी आहे, असं मी घरी जाऊन सांगितलं होतं.

मी फार वाईट वाटून घेतलं. मी तसा दुःखी चेहऱ्याचाच माणूस आहे, त्यामुळे घरात कोणाला फरक कळला नाही. अनिताने त्या नारळाची चटणी वाटली आणि आम्ही ती तीन दिवस खाल्ली. माझ्या गळ्याखाली ती उतरत नव्हती, पण सोडायची हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी मी तिची माफी मागितली. दोन्ही शर्यतींची.

"दुसरी कुठली?" ती म्हणाली.

मी सांगितलं. तिने चटणीचं भांडं झाकून ठेवलं. मग म्हणाली, "येत्या रविवारी मी परत पळणार. तोच रस्ता. पदक नको, पण तीन तासांच्या आत येते की नाही ते मला कळायला पाहिजे. तुम्ही रामवाडीला घड्याळ घेऊन उभे राहा."

मला भरून आलं. तिने माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं. मी आयझॅक सरांकडून त्यांचं घड्याळ मागून आणलं आणि रविवारी पावणेसहालाच मैदानात जाऊन उभा राहिलो. सहाला नागोठण्याहून तिचा फोन आला. "सुटते," ती म्हणाली. मी बटण दाबलं.

पावणेआठला सासूबाईंचा फोन आला. "जावयबापू, आली नि गेली. वाटेतनं बाजूला उभी राहिले मी. हात पन लावला नाय. पानी दिलं ते पन चालत चालत दिलं." त्या रडत होत्या. मीही रडलो. मग डोळे पुसून प्रथमच घड्याळाकडे पाहिलं. त्यावर शून्य मिनिटं आणि एक सेकंद अशी वेळ होती. बटण नीट दाबलं गेलं की नाही याची खात्री करायला मी ते पुन्हा दाबलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

पुढचा तास मी कसा काढला ते मला विचारू नका. अंदाजाने वेळ सांगावी असं वाटलं, मग लाज वाटली. ती फाटकातून आत आली, घामाने निथळत, आणि कमानीच्या जागी उभ्या असलेल्या माझ्यासमोर येऊन थांबली. मी घड्याळ पुढे केलं आणि सगळं कबूल केलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

अनिताने कमरेवर हात ठेवून श्वास घेतला. मग मनगट वर करून आपलं घड्याळ पाहिलं.

"दोन तास एकोणपन्नास मिनिटं," ती म्हणाली आणि हसली. बावीस वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तू वेळ लावली होतीस? मग मला कशाला उभं केलंस इथे?"

"तुम्ही तीन तास एका जागी राहावं म्हणून," ती म्हणाली.