पोटमाळ्यावर ब्याण्णव, तळमजल्यावर दोनशे दहा

"हृदय म्हणजे काय हो? पंप! चाळीस वर्षं मी दुसरं केलं काय?" बाबांनी डॉक्टरबाईंना ऐकवलं.

बाबा प्लंबर. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबली, तेव्हा आत बारीक जाळीची नळी बसवून ती मोकळी केली होती. टेबलावरून उतरता उतरताच त्यांनी विचारलं होतं, "कितीचा पाइप टाकलात?"

"तीन मिलिमीटर."

"एवढुसाच?"

तेव्हापासून त्यांची हत्यारांची पेटी मुलीच्या कपाटात कुलपाआड होती आणि बाबा घरभर घुमत होते, पाण्याविना चालू राहिलेल्या मोटरसारखे.

"आठवडाभर घरी रक्तदाब मोजून लिहून आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आकडे नीट आले तर कामाला परवानगी. नाही आले तर पेटी विकून टाका."

विकून टाका! बाबांनी घरी पोचताच वही आखली.

पण रोज एकाच दंडावर मोजायचं? हे तर नवशिक्याचं काम! एका नळाची धार बघून अख्खी इमारत कोण पास करतं? बाबांनी हात डोक्यावर धरून मोजलं. हात लोंबता ठेवून मोजलं. उभं राहून घोट्याला पट्टा गुंडाळून मोजलं. आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले. कुठले कुठे मोजले, ते मात्र डोक्यात ठेवलं.

चौथ्या दिवशी बाबा अंघोळीला गेले आणि वही मुलीच्या हाती लागली. सात वाजता ब्याण्णव. सात-पाचला एकशे अठ्ठेचाळीस. सात-दहाला दोनशे दहा! तिने लगेच डॉक्टरबाईंना फोन लावला.

"दहा मिनिटांत?" डॉक्टरबाई ओरडल्या. "एक पाऊल चालू देऊ नका! उचलून आणा!"

मुलीने न्हाणीघराचं दार बडवलं. शेजारच्या शिंप्याला हाक मारली. टॉवेल गुंडाळलेले, कानाला साबण लागलेले बाबा खुर्चीसकट जिना उतरू लागले.

"अगं, झालंय काय मला?"

"बोलू नका बाबा!"

"काका, हलू नका हो," शिंपी धापा टाकत म्हणाला, "नाहीतर मलाच ॲडमिट करावं लागेल!"

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला. अगदी नॉर्मल! डॉक्टरबाईंनी वही उघडली.

"हे दोनशे दहा कुठून आले?"

"घोट्याला. तळमजला."

"आणि ब्याण्णव?"

"हात डोक्यावर. पोटमाळ्यावर प्रेशर कमीच असणार की!"

मुलीने कपाळावर हात मारला. डॉक्टरबाईंनी हसू गिळलं. "काका, रक्तदाब हृदयाच्या पातळीवर मोजतात. पाठ टेकायची, पाय जमिनीवर, हात टेबलावर. आणि आधी पाच मिनिटं गप्प बसायचं."

"गप्प?" मुलगी म्हणाली. "मग परवानगी गेलीच!"

पण बाबा इरेला पेटले. ओठ मिटून बसले. एक मिनिट गेलं आणि कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ म्हणाला, टप्. पुन्हा टप्. बाबांचा कान लाल झाला. मिशी थरथरली. पाच मिनिटांनी यंत्राने आकडा दाखवला: एकशे बासष्ट!

"आत्ताच तर सगळं ठीक होतं!" डॉक्टरबाई चक्रावल्या.

बाबांनी मुकाट नळाकडे बोट दाखवलं.

मुलगी ताडकन उठून बाहेर गेली. टपटप थांबली. ती परत आली, बाबांनी डोळे मिटले. पुन्हा पाच मिनिटं. एकशे चोवीस!

"पास!" डॉक्टरबाईंनी कागदावर सही ठोकली. "फक्त जड उचलायचं नाही."

तेवढ्यात धाडकन दार उघडून नर्स आत आली. "डॉक्टर, अख्ख्या दवाखान्यात पाणी नाही! शेजारच्या खोलीतले दातांचे डॉक्टर साबणाचे हात घेऊन उभे आहेत!"

बाबांनी मुलीकडे पाहिलं. "कुठला वॉल्व फिरवलास?"

"मोठा लाल," ती पुटपुटली.

दंडाला पट्टा तसाच, टॉवेल सावरत बाबा बाहेर धावले.

आता ते पुन्हा कामावर जातात. पेटी मुलगी उचलते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे! बाबांच्या धंद्यात, चुकीचा वॉल्व फिरवणाऱ्याला पहिलं वर्षभर फक्त पेटीच उचलायला देतात.